डबीत किती?

माझे साडू हे साऱ्या विदर्भातले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर कधी पलंगाकडे पाहिलं नाही. माणसं आधी गादी दाबून पाहतात, मग न्हाणीघराचा नळ सोडून पाहतात, पंखा लावतात, आणि पंख्याची कुरकुर ऐकून दुसरी खोली मागतात. साडूंना यातलं काही लागत नसे. ते दारातच चप्पल काढत, खिशातून एक काळी चपटी डबी काढत, ती उजव्या तळहातावर उभी धरत आणि डोळे अर्धवट मिटून खोलीभर हळूहळू चालू लागत. विहिरीची जागा सांगायला आलेला पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतात फिरतो ना, अगदी तसे. किल्ली घेऊन आलेला हॉटेलचा माणूस दारात अवघडून उभा राही. ही सिम टाकून चालणारी इंटरनेटची डबी आहे आणि साहेब फक्त रेंज शोधतायत, हे त्याला कोण सांगणार? चंद्रपूरला एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेब, मागं इथं जे झालं ते यांना कोणी सांगितलं?" आम्ही ती खोली घेतली नाही. काय झालं होतं तेही विचारलं नाही.

आम्ही दोघं वडशाचे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. ट्रक तोलायचे जे मोठे काटे रस्त्याकडेला असतात, ज्यांना आमच्याकडे धरमकाटा म्हणतात, ते दुरुस्त करायचा साडूंचा धंदा. लग्नानंतर वर्षभर मी नुसताच बसून होतो, तेव्हा त्यांनी मला त्यात ओढलं. "बोलत नाही ना जास्त? मग चालते. काट्याजवळ बोलणारा माणूस कामाचा नाही," एवढीच माझी मुलाखत. मी खरंच कमी बोलतो. हा माझा गुण आहे असं लोक म्हणत आले, आणि मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.

तर डबी. स्वतःच्या फोनवरून इंटरनेट काढणं त्यांना मंजूर नव्हतं, फोन तापतो म्हणून. आणि हॉटेलचं वायफाय हा तर त्यांच्या लेखी सार्वजनिक टॉवेल होता. "कोण कोण पुसून गेला मालूम नाही, अन् आपण तोंडाले लावाचं?" जागा एकदा मिळाली की डबीची स्थापना होई. रामटेकच्या एका लॉजमध्ये रेंज फक्त कपाटावर होती, तर तिथे. दुसरीकडे कुठे खिडकीबाहेर होती, तर त्यांनी ती पायजम्याच्या नाडीनं गजाला बांधली, आणि नाडीविना पायजमा एका हातानं धरून तीन दिवस काढले. डबीमागे स्टीलची ताटली उभी केली की रेंज वाढते असं त्यांना नागपूरच्या धरमपेठेतल्या एका दुकानदारानं सांगितलं होतं, म्हणून बॅगेत पान्यांबरोबर ताटलीही असे. ताटलीपुढे ती डबी, तिचा निळा दिवा लुकलुकतोय आणि समोर हात जोडल्यासारखे बसलेले साडू, हे दृश्य पाहून खोली झाडायला आलेल्या बाईनं एकदा पदर डोक्यावर घेतला होता.

डबीला एक इवलासा पडदा होता. त्यावर रेंजच्या काड्या, बॅटरी आणि एक आकडा: किती फोन जोडलेत त्याचा. आमचा आकडा कायम दोन. हा आकडा साडू दर थोड्या वेळानं पाहत. "डबीत किती?" हा आमचा प्रवासातला परवलीचा प्रश्न झाला होता. मी पाहून म्हणायचं, "दोन." मग ते "हं" म्हणून चहा मागवत.

दुसरा त्यांचा छंद वजनाचा. सारं आयुष्य काट्यावर गेलेलं. हातात घेतलेल्या वस्तूचं वजन त्यांना आपोआप कळे. भाजीवालीनं पिशवी पुढे केली की ते ती नुसती उचलत आणि म्हणत, "माय, अंगठा काढून पुन्हा तोल." माणसांना मिठी मारायची त्यांना भारी हौस, पण ती मायेची किती आणि मापाची किती हे कळत नसे. माझ्या लग्नात माझ्या वडिलांना कडकडून भेटले आणि कानात म्हणाले, "व्याहीबुवा, घटून राहिले तुम्ही. डॉक्टरले दाखवा." वडील रागावले. महिनाभरानं दाखवलं तेव्हा साडूंचं बरोबर निघालं. तेव्हापासून आमच्या घरात त्यांनी कोणाला मिठी मारली की बाकीचे बोलायचे थांबतात आणि त्यांच्या तोंडाकडे पाहतात.

हे सगळं डबीप्रकरण ज्यांच्यासाठी होतं त्या आमच्या ताई, म्हणजे त्यांची बायको. रोज दिवेलागणीला साडू फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करत, समोर ताट घेत, आणि तिकडे वडशाला ताईही ताट घेऊन बसत. नवरा-बायको समोरासमोर जेवत. बोलणं फारसं नसे. "भाजी कोणती?" "वांग्याची. तुह्याकडं?" "वडाभात केला." मग दोघंही खाली मान घालून खात. मी बाजूला बसून जेवायचो आणि मला परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटायचं. चित्र अडकलं की साडूंचा घास हातातच राही, चित्र हललं की तोंडात जाई. वायफायवर चालणारा जबडा मी हा एकच पाहिला.

डबीचा पासवर्ड त्यांनी मला दिला तो गुरुमंत्रासारखा, कानात. लिहायचा नाही, कोणाला सांगायचा नाही. ऐकून मला हसू आलं, कारण ते ताईंचंच नेहमीचं एक वाक्य होतं, जोडून लिहिलेलं. पुढे ताईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही त्यांना नागपूरला आणलं. बर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला आमची नेहमीची खोली होती, ती त्यांना दिली. तिथं त्यांनी आपला फोन डबीला जोडला, पट्टी नसलेल्या डोळ्यानं मालिका पाहिल्या, आणि पासवर्ड टाकताना स्वतःशीच लाजल्या. तेव्हा पहिल्यांदा डबीत तीन दिसले. पासवर्ड ठाऊक असणारी माणसंही तीनच: ते, मी आणि ताई.

त्याच्या पुढच्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या सुमारास, चार दिवसांच्या तापात ताई गेल्या.

साडूंनी ताईंचा फोन बंद करून बांगड्यांबरोबर कपाटात ठेवला आणि दिवसवार आटोपल्यावर कामावर निघाले. नागपूरची तीच खोली. डबी काढली, तळहातावर घेऊन फिरले, ताटलीपुढे मांडली. जेवण आलं तेव्हा फोन बाटलीला टेकवला, त्याच्या काळ्या काचेकडे पाहत बसले आणि ताट सारून दिलं. रोज तेच. सकाळी चहात बुडवून बिस्किटं, दिवसभर मौद्याच्या रस्त्यावर काट्याखालच्या खड्ड्यात काम, आणि संध्याकाळी भरलेलं ताट परत. शर्ट अंगावर लोंबायला लागला. मला फार वाटायचं काही बोलावं. बोललो नाही.

मग ती संध्याकाळ आली. बाहेर उजेड संपत आला होता, आम्ही दिवा लावला नव्हता, खोलीत तेवढा निळा ठिपका. साडू पलंगावरून म्हणाले, "डबीत किती?" मी सवयीनं पाहिलं आणि म्हणालो, "तीन."

बोळात कोणीतरी चालत गेलं. पावलं आमच्या दारापर्यंत आली असं मला वाटलं. परत गेलेली मात्र ऐकू आली नाहीत. साडू उठले, डबीजवळ वाकले, बराच वेळ तसेच राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पासवर्ड मले मालूम, तुले मालूम, अन् तिले मालूम." त्यांनी फोन बाटलीला नीट टेकवला, ताट ओढलं आणि जेवले. पोळीचा शेवटचा तुकडा भाजीच्या वाटीत फिरवून जेवले.

तोवर मला आठवलं होतं. काट्याच्या सेटिंगसाठी एक जुना, तडा गेलेला फोन आम्ही हत्यारांच्या थैलीत ठेवत असू. सकाळी त्यातलं ॲप अपडेट करायला मी तो डबीला जोडला होता आणि वायफाय बंद न करता तसाच थैलीत टाकला होता. तिसरा तो होता. एक वाक्य बोलायचं होतं, "भाऊजी, तो आपला थैलीतला फोन." पण समोर माणूस कितीतरी दिवसांनी जेवत होता. म्हटलं, जेवून होऊ दे. जेवण झालं, त्यांनी हात धुतला, काळ्या काचेकडे पाहून थोडं हसले, आणि ते वाक्य राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी तो फोन मी मुद्दाम चार्ज केला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. त्यानंतर प्रत्येक फेरीत, रोज संध्याकाळी, पाना शोधायच्या निमित्तानं मी थैलीत हात घालायचो आणि तो चालू आहे ना हे पाहायचो. साडू विचारायचे, "डबीत किती?" मी म्हणायचो, "तीन." ते जेवायचे. त्यांचं वजन परत आलं. खोलीत हळू बोलायची सवय आम्हा दोघांनाही लागली. ते पलंगाच्या एका कडेला झोपत, दुसरी बाजू मोकळी ठेवून. मला, ती सगळी माझीच करणी असूनही, संध्याकाळ झाली की त्या मोकळ्या बाजूकडे पाहवत नसे.

आणि मग पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन यायला लागला, मला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीचं लक्षण बरं नाही, खड्ड्यात उतरणं आणि वजनं उचलणं बंद करा. मुलीनं त्यांच्यासाठी खोली तयार करून ठेवली होती. "काका, तुम्ही समजवा ना बाबाले. मी म्हणते या, तर म्हणतात, नागपूरची फेरी सोडता येत नाही. काय आहे हो नागपूरला?" मी म्हटलं, "काम आहे." ती म्हणाली, "कामापायी जीव देतील का ते?" नागपूरला काय आहे हे फक्त मला माहीत होतं. थैलीतला एक फुटका फोन होता आणि त्याच्यासाठी माझा साडू छातीवर हात दाबून खड्ड्यात उतरत होता. त्या महिन्यात मौद्याजवळ ते वर येताना शिडीवरच थांबले. चेहरा राखेसारखा. मी हात धरून ओढलं. "काही नाही गा, दम लागला," म्हणाले. तळहात थंडगार होता.

खरं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही. मी वेगळी वाट काढली. पुढच्या फेरीला निघताना तो जुना फोन बंद करून घरी टीव्हीखाली ठेवला. म्हटलं, डबीत दोन दिसतील. एक दिवस दिसतील, दोन दिवस दिसतील, तिसऱ्या दिवशी ते आपणच समजतील की आता कोणी येत नाही, आणि पुण्याला जातील. पुन्हा एकदा जेवण टाकतील, हेही मला कळत होतं. निदान लेकीच्या घरी टाकतील.

खोलीत पोचलो. त्यांनी डबी काढली, तळहातावर घेऊन फिरले, ताटलीपुढे मांडली. मी खिडकीशी उभा राहिलो. खालच्या गल्लीत पोह्यांचा गाडीवाला आवराआवर करत होता. उजेड गेला. पाठीमागून आवाज आला, "साडभाऊ, डबीत किती?"

दोन म्हणायची तयारी मी गाडीतच करून आलो होतो. वळलो, वाकलो, पडदा पाहिला.

"काहून गा? वाचता येत नाही?"

"तीन," मी म्हणालो.

थैली उलटी केली. पाने, पक्कड, वायरी, चिंध्या. फोन नव्हता. बायकोला फोन लावला, ती म्हणाली, "टीव्हीखालीच आहे की. बंद पडलेला. काहून, काय झालं?" मी काही नाही म्हणून ठेवून दिला. आणि फोन ठेवल्या ठेवल्या माझं तोंड उघडलं.

"भाऊजी, इतके दिवस तिसरा फोन माझा होता. थैलीतला. मी मुद्दाम चालू ठेवत होतो."

"मालूम आहे," साडू म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"डबीच्या यादीत नाव येते ना गा फोनचं. तिसऱ्याचं नाव 'धरमकाटा' लिहून येते. नाव म्याच टाकलं होतं त्या फोनाले. दुसऱ्याच दिवशी पाहिलं."

मी खाली बसलो. "मग बोलले काहून नाही?"

"तू काहून नाही बोलला?" ते हसले. "रोज सांजच्याले पाना शोधून राहिला, अन् पाना तर तुह्या हातातच राहे. म्हटलं, माणूस आपल्यासाठी एवढं करून राहिला, तर दोन पोळ्या खायला आपलं काय जाते?"

"अन् पुण्याला जात नव्हते ते?"

त्यांनी डबीमागची ताटली उगाच सरळ केली. "डबीत दोन पाहण्यापरीस खोटे तीन बरे वाटत होते गा."

"भाऊजी, आज तो फोन वडशाला आहे. बंद आहे."

आता त्यांचं हसणं थांबलं. चष्मा लावून त्यांनी आपल्या फोनवर यादी उघडली. पहिलं नाव त्यांचं. दुसरं माझं. तिसऱ्या ओळीत नाव नव्हतं, नुसती कोरी जागा. त्यांनी मला दाखवली आणि फोन ठेवला. मग डबी उचलली. रेंज पाहायला उभी धरत तशी नाही; भाजीची पिशवी तोलत तशी, तळहात किंचित खालीवर करत. इतक्या वर्षांत त्यांचा हात चुकलेला मी पाहिला नव्हता.

"जड लागून राहिली," ते म्हणाले.

त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मला काही कळलं नाही. माझा हात तसा नाही. फक्त गरम होती, कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखी. डब्या तापतात, हे मला ठाऊक आहे.

जेवण आलं. साडूंनी फोन बाटलीला टेकवला. इतके महिने माझ्यासाठी खोटं खोटं जेवणारा तो माणूस त्या काळ्या काचेसमोर पहिल्यांदाच बावरून बसला होता, बायकोला पहिल्यांदा पाहायला गेलेल्या मुलासारखा. घास घेतला, खाली ठेवला. मग अगदी हळू, मी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, "तू जेवली काय वं?" मी उठून बोळात गेलो. दार लोटलं आणि बाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. आत कोणी बोललं की नाही, हे मी ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं मला.

मी परत आत गेलो तेव्हा ताट लख्ख झालं होतं. डबी पुन्हा ताटलीपुढे. आकडा दोन.

सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "पोरीले सांगून दे, येतो म्हणून. भेटणं झालं." निघताना त्यांनी मला मिठी मारली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, "हलका झाला तू. बरं आहे." आणि डबी माझ्या खिशात घातली.

आता नागपूरची फेरी मी एकटा करतो. खोली तीच घेतो. डबी तळहातावर घेऊन मीही फिरतो. मला रेंज कळत नाही, पण किल्ली घेऊन आलेला माणूस आता ओळखीचा झाला आहे, तो तोवर थांबतो. मुलीकडे मोठं, भिंतीवर बसवलेलं वायफाय आहे आणि साडूंना ते आवडत नाही. कोणाचाही फोन येऊन जोडला जातो म्हणतात, घर आहे का बसस्टँड. रोज दिवेलागणीला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मी फोन बाटलीला टेकवतो, ते तिकडे ताट घेतात, मी इकडे. ते विचारतात, "डबीत किती?" मी खरं तेच सांगतो. माझा फोन आणि थैलीतला, दोन. ते "हं" म्हणतात आणि जेवायला लागतात. तीन पुन्हा कधी दिसले नाहीत. पण जेवायच्या आधी मी डबी एकदा उचलून तोलून पाहतो, हे त्यांना पडद्यावर दिसत असणार.

मधूनच एखाद्या दिवशी ते जेवता जेवता थांबून विचारतात, "पासवर्ड तर नाही बदलला ना?" नाही बदलला. हॉटेलातले लोक मागतात, मी देत नाही. इतकं सगळं सांगून टाकलं तरी तो इथंही सांगणार नाही. तो तिघांचा आहे, तसाच राहू दे. उगाच कोणाची वाट अडायला नको.